सगळे एकदम थांबायचे

वसईच्या चर्चमधून दिवसातून तीन वेळा आंजेलुसची घंटा होते. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला. गाब्रिएल दूताने मरियेला आणलेला निरोप, तिने दिलेला होकार आणि देवाच्या पुत्राने घेतलेला मनुष्यदेह, एवढंच त्या वेळी आठवायचं असतं. तीन लहान वचनं, प्रत्येकामागे एक 'नमो मरिया' आणि शेवटी एक विनंती. अगदी सावकाश म्हटली तरी ही प्रार्थना दोन-तीन मिनिटांत पुरी होते.

माझ्या वडिलांच्या लहानपणी आमच्या भागातल्या वाड्यांमध्ये अजून रहाट चालत. केळीच्या आळ्यांत पाणी धरलेलं असे आणि विहिरीभोवती पाडा गोल फिरत असे. वडील सांगत, दुपारची घंटा झाली की आधी पाडा थांबवायचे. मग डोक्यावरचं फडकं काढून हातात घ्यायचं आणि जिथे असू तिथेच, चिखलात पाय असले तरी चिखलातच, उभं राहून प्रार्थना म्हणायची. विहिरीच्या काठावर धुणं धुणारी बाई हातातलं लुगडं तसंच दगडावर ठेवून उठायची. वाडीचा मालक थांबायचा आणि त्याच्याकडे रोजावर आलेला गडीही थांबायचा. त्या दोन-तीन मिनिटांचा हिशेब कुणी कुणाला मागत नसे. वडिलांच्या या आठवणीत पाडा, फडकं, चिखल हे सगळं मला आवडतंच, पण मनात घर करून बसलंय ते शेवटचं. सगळे एकदम थांबायचे.

फ्रेंच चित्रकार मिले याने 1857 ते 1859 या काळात रंगवलेलं 'आंजेलुस' हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मी ते कॅलेंडरवर आणि पुस्तकांतच पाहिलेलं आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष आणि एक बाई मान खाली घालून उभी आहेत. मागे क्षितिजावर चर्चचा मनोरा दिसतो. पुरुषाने टोपी काढून हातात घेतली आहे, बाईचे हात छातीशी जोडलेले आहेत. बटाटे खणायचा काटा जमिनीत तसाच रोवलेला, टोपली बाईच्या पायाशी, पोती मागे हातगाडीवर. मिलेने पुढे एका पत्रात लिहिलं की शेतावर काम करताना घंटा ऐकू आली की आपली आजी सगळ्यांना काम थांबवायला लावायची, त्या आठवणीतून हे चित्र आलं. नॉर्मंडीतली ती आजी आणि वसईतली आमची माणसं यांची भाषा वेगळी, पीक वेगळं, हवा वेगळी. घंटा मात्र एकच होती. आणि चित्रात बाईची टोपलीही खाली ठेवलेली आहे, हे मी दर वेळी मुद्दाम पाहून घेते.

आमच्या घंटांची कहाणी तशी मोठी आहे. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या कितीतरी घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या आणि देवळांना अर्पण केल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्यांतली एक आहे. तिच्या आवाजाने मराठीला वाक्प्रचार दिला. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची उठावदार आकृती आहे. मेणवलीला गेले होते तेव्हा घाटावर ऊन उतरलं होतं आणि बायका धुणं आवरत होत्या. मी घंटेजवळ उभी राहून आंजेलुस मनातल्या मनात म्हटला. माझ्या मनात हळहळ नव्हती. अडीचशेहून अधिक वर्षं ती घंटा कुणाला ना कुणाला देवाची आठवण करून देत आली आहे. तिच्यावरच्या आईला आणि बाळाला तिथल्या माणसांनी जसंच्या तसं राहू दिलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता वसईत वाड्या कमी झाल्या, घरं वाढली. घंटा होतेच, पण ती होते तेव्हा ऐकणारी बहुतेक माणसं गावात नसतात. पहाटेच्या घंटेला कुणी पाण्याची मोटर लावून बादल्या भरत असतं, तर कुणी फुलांच्या नाहीतर भाजीच्या पाट्या घेऊन दादरच्या बाजाराला निघालेलं असतं. दुपारच्या घंटेला अर्धं गाव चर्चगेटपासून अंधेरीपर्यंत कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये, रुग्णालयांमध्ये पांगलेलं असतं. दिवेलागणीची घंटा होते तेव्हा आमच्यासारख्या कितीकजणी बोरिवली आणि भाईंदरच्या मध्ये कुठेतरी कडीला लोंबकळत असतात. घंटेने गावाला वेळ बांधून दिली होती. गावच घंटेच्या टप्प्याबाहेर गेलं, आणि प्रार्थनेला वेळ काढणं हे एकेकट्या माणसाचं काम होऊन बसलं. जो तो आपापल्या दिवसात वेळ शोधतो. ज्याचा दिवस जितका गच्च, त्याच्या हाती तितकं कमी लागतं.

मी फोर्टमध्ये नोकरी करते. सकाळी वसई रोडहून गाडी पकडते. लेडीज डब्यात शिरायला मिळालं की तो दिवस बरा गेला असं आम्ही समजतो. त्या गर्दीत पर्समधून जपमाळ काढणं शक्य नसतं. एक हात वर कडीला आणि दुसरा पर्स पोटाशी धरण्यात गुंतलेला. म्हणून माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीत रोझरीची अंगठी असते. साधी, स्टीलची. तिच्या कडेवर दहा बारीक मणी उठवलेले आहेत आणि एका जागी इवलासा क्रूस. अंगठ्याने मणी पुढे सरकवत जायचं, दहा 'नमो मरिया' झाल्या की बोटाला क्रूस लागतो. डोळ्यांनी पाहायची गरज पडत नाही. घामाने बोट ओलं झालं की अंगठी सैल फिरते, हिवाळ्यात थोडी घट्ट बसते. क्रूसाचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले आहेत, तरी तो अंगठ्याखाली आल्याबरोबर कळतो.

नायगाव सुटलं की खाडीचे पूल लागतात. मध्ये पाणजू बेट, दोन्ही अंगांना तिवरांचं रान, ओहोटीला उघडा पडलेला चिखल, भरतीला काठोकाठ पाणी. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, खालून पोकळ आणि खोल येतो. डब्यातल्या पुष्कळ बायकांचा हात त्या वेळी आपसूक कपाळाला किंवा छातीला जातो. दाराशी उभी असलेली कुणी पाण्याकडे पाहून नमस्कार करते. माझी प्रार्थना मी या पुलाला बांधून टाकली आहे. नायगाव सुटलं की अंगठा पहिल्या मण्यावर जातो आणि भाईंदर येईतो एक रहस्य, म्हणजे दहा मण्यांचा एक फेरा, आरामात पुरं होतं. झोप अनावर असो, घरी काही बिनसलेलं असो की कार्यालयात काय वाढून ठेवलंय याची धास्ती असो, पूल रोज येतोच. मला वेळ शोधावी लागत नाही, ती नायगावच्या पुढे ठरलेल्या जागी असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. धकाधकीच्या दिवसात प्रार्थनेला वेळ 'काढू' म्हटलं तर ती निघत नाही. रात्री सगळं आवरल्यावर शांतपणे बसू म्हणणाऱ्याचं आवरणं संपत नाही आणि संपलं तरी डोळे मिटलेले असतात. दिवसात जे आधीपासून आहे, चुकवू म्हटलं तरी जे चुकत नाही, अशा एखाद्या गोष्टीला प्रार्थना बांधून टाकावी लागते. कुणी ती कुकरच्या शिट्टीला बांधते. माझ्या ओळखीची एक परिचारिका रात्रपाळीत प्रत्येक खाटेपाशी ताप पाहायला थांबते तेव्हा त्या रुग्णासाठी एक 'नमो मरिया' म्हणते. आमच्या डब्यात चौथ्या सीटवर अर्ध्या टेकलेल्या एक बाई मीरा रोडपासून डोळे मिटतात. आधी मला वाटायचं झोपतात, मग एक दिवस त्यांच्या ओठांची हालचाल दिसली. तेव्हापासून त्यांना धक्का लागू नये म्हणून मी जरा जास्त जपते.

शेजारच्या डब्यातून टाळ-चिपळ्यांचा आवाज येतो. विरारच्या गाड्यांमधली भजनी मंडळं फार जुनी आहेत. दिवसभर खुर्चीत वाकणारी ती माणसं सकाळचा अख्खा प्रवास विठ्ठलाला देतात. त्यांच्या भजनाच्या ठेक्यावर माझा अंगठा कधी कधी मण्यावरून पुढे सरकतो आणि मला त्यात काही विचित्र वाटत नाही. नव्या ओळखीची एखादी सहकारी विचारते, इतक्या गोंगाटात मन कसं लागतं? दर वेळी लागतंच असं नाही. माळ पुरी होते आणि मन तिकडे दुपारच्या बैठकीत हिंडून आलेलं असतं. पण देवासमोर हजर राहणं हीसुद्धा प्रार्थना आहे. लेकरू आईशी बोलताना दर वाक्य मनापासून बोलतं असं नाही. तरी आईला त्याचा आवाज हवाच असतो.

शुभवर्तमानात येशूचा एक दिवस मार्कने पहिल्याच अध्यायात लिहून ठेवला आहे, कफर्णहूमचा. मला तो फार जवळचा वाटतो. सकाळी सभास्थानात शिकवणं. तिथून पेत्राच्या घरी, तर त्याची सासू तापाने फणफणलेली. तिला बरं केलं. सूर्य मावळल्यावर गावातले आजारी, पिडलेले सगळे दारात आणले गेले, अख्खं गाव दाराशी गोळा झालं. असा दिवस संपायला किती उशीर झाला असेल! आणि दुसऱ्या दिवशी, अजून अंधार असताना, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. मार्क पुढे हेही सांगतो की शिष्य त्याला शोधत तिथे पोहोचले आणि सगळे तुम्हाला शोधताहेत असं म्हणाले. म्हणजे त्याचाही एकांत मोडला. तो उठला आणि पुढच्या गावांकडे निघाला. प्रभूच्या प्रार्थनेतही कुणीतरी मध्ये आलं होतं, याचा मला केवढा तरी आधार वाटतो.

प्रार्थना कामाच्या धबडग्यातच करावी लागते, हे ओळखणारी माणसं चर्चच्या इतिहासात पुष्कळ होऊन गेली. रोमची संत फ्रान्सिस्का (1384–1440) लग्न झालेली, मुलाबाळांची, मोठं घर चालवणारी बाई. तिची एक आख्यायिका सांगतात. ती स्तोत्रं म्हणायला बसली आणि एकाच ओळीवर असताना तिला घरातून पुन्हा पुन्हा हाका आल्या. प्रत्येक वेळी ती पुस्तक ठेवून उठली, काम करून परत आली, तीच ओळ पुन्हा सुरू केली. शेवटी परतली तेव्हा ती ओळ सोन्याच्या अक्षरांत उमटलेली होती. संत फ्रान्सिस द सेल्स हे जिनिव्हाचे बिशप. त्यांनी 1609 साली भक्तिमय जीवनावर जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्याचं मूळ त्यांनी एका विवाहित नातलग बाईला लिहिलेल्या मार्गदर्शनात आहे. मठातल्या संन्याशाची भक्ती वेगळी, शिपायाची वेगळी, कारागिराची वेगळी आणि संसारी बाईची वेगळी. ज्या भक्तीमुळे आपलं नेमलेलं कर्तव्य मोडतं ती खरी नव्हे, असं ते ठामपणे सांगतात. चारशे वर्षांपूर्वी एका बिशपने संसारी बाईला इतक्या आदराने लिहावं, ही मला केवढी मोठी गोष्ट वाटते! पॅरिसच्या कार्मेल मठातले ब्रदर लॉरेन्स तर स्वयंपाकघरातच राबले. आयुष्याची कितीतरी वर्षं भांडी, चूल आणि शंभर जणांची घाई यांत काढून त्यांनी देवाचं सान्निध्य अनुभवलं.

बुधवारी संध्याकाळी मी कधी माहीमला उतरते. तिथल्या सेंट मायकल चर्चमध्ये नित्य साहाय्य मातेची नोव्हेना 1948 पासून दर बुधवारी चालू आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत, एकामागून एक, वेगवेगळ्या भाषांत. बाहेर मेणबत्त्यांच्या टोपल्या, त्यांत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं. आत डबा खांद्याला अडकवलेले कारकून, गणवेशातले रखवालदार, शिफ्ट संपवून आलेल्या परिचारिका, कपाळाला कुंकू लावलेल्या बायका, डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुली. कुणी बसायला जागा मिळाली म्हणून बसतं, कुणी भिंतीला टेकून उभं. या शहरात एवढी माणसं एका वेळी आपण होऊन गप्प झालेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहेत. एक नोव्हेना संपते, दारातून एक लोंढा बाहेर येतो, दुसरा आत जातो. वडिलांनी सांगितलेलं ते एकदम थांबणं मला तिथे भेटतं.

परतीच्या गाडीत मात्र मी माळ घेत नाही. सकाळचं निघणं आणि संध्याकाळचं परतणं या दोन वेगळ्या मनःस्थिती आहेत. संत इग्नेशियसने आपल्या सोबत्यांना दिवसाची उजळणी करायला शिकवलं होतं. आज देव कुठे भेटला, कुणाचे आभार मानायचे राहिले, कुणाशी वाकडं बोलले, उद्या काय करायचं. अंधेरी ते बोरिवली तेवढीच करते. बहुतेक दिवशी काही मोठं सापडत नाही. एखादे दिवशी दुपारी सहज बोललेलं एक वाक्य आठवतं आणि समोरच्या व्यक्तीचा उतरलेला चेहरा आठवतो. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी जाऊन काय म्हणायचं, ते गाडीतच ठरतं.

आणि मग घर. आमच्याकडे संध्याकाळची रोझरी अजून होते. पुष्कळ घरांत आता ती ऑक्टोबरात आणि मे महिन्यात होते, वाड्यातल्या क्रूसापाशी किंवा आळीपाळीने एकेका घरी, आणि त्या दिवसांत गल्लीगल्लीतून 'नमो मरिया'चा एकसुरी आवाज येत राहतो, तो मला फार आवडतो. एरवीच्या दिवसांत टीव्ही बंद करणं, मुलांना अभ्यासावरून उठवणं, एकाला हाक मारली की दुसरा बाथरूममध्ये, हे प्रत्येक घरात आहे. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मला लिहायचं आहे ते रोझरी चालू असताना स्वयंपाकघरात काय चाललेलं असतं त्याबद्दल.

वेदीवरची मेणबत्ती लागते. आजोबा सुरुवात करतात. पुरुष आणि मुलं गुडघे टेकतात किंवा खुर्च्यांवर बसतात. उत्तराचा आवाज येतो, त्यात एक आवाज आतून येतो, पोळपाटापासून. घरातली बाई एका हाताने पोळी उलटते, फडक्याने ती तव्यावर दाबते आणि प्रत्येक 'नमो मरिया'चा दुसरा अर्धा भाग तिथूनच म्हणते. मध्येच दूध उतू येतं, तेव्हा तिचा एक 'पवित्र मरिये' गळतो, पुढच्याला ती पुन्हा सामील होते. पाचवं रहस्य संपेपर्यंत पोळ्या होतात. सगळे उठून तिला आशीर्वाद मागायला स्वयंपाकघराच्या दारात जातात आणि ती पिठाचा हात पदराला पुसून प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवते. माझ्या आईने अशीच रोझरी म्हटली, तिच्या आईनेही. देवाने त्यांच्या रोझरीत काही कमी धरलं असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण मांडी घालून, वेदीकडे तोंड करून, हात रिकामे ठेवून प्रार्थना करायला मिळणं हाही एक आनंद आहे आणि तो त्यांच्या वाट्याला फार थोडा आला.

मार्था आणि मरिया यांच्या गोष्टीवर आम्ही बायका आयुष्यभर प्रवचनं ऐकत आलो. बेथानीच्या घरी येशू आला, मरिया त्याच्या पायांशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात राबत राहिली. तिने बहिणीची तक्रार केली, तेव्हा प्रभूने तिला सांगितलं की तू कितीतरी गोष्टींची काळजी वाहतेस आणि बहिणीने चांगला वाटा निवडला आहे. हे वाचून वाटत राहतं की मार्था हरली. पण योहानाच्या शुभवर्तमानात लाजरस वारला तेव्हा येशू हाच ख्रिस्त आहे अशी कबुली देणारी हीच मार्था आहे, आणि ती पेत्राच्या कबुलीच्या तोडीची आहे. त्याच्याच पुढच्या अध्यायात पुन्हा जेवणावळ आहे आणि पुन्हा मार्थाच वाढते आहे. या वेळी तिची तक्रार नाही आणि प्रभूने तिला अडवलेलंही नाही. पोप फ्रान्सिस यांच्या काळात 2021 साली 29 जुलैचा दिवस मार्था, मरिया आणि लाजरस या तिघा भावंडांचा मिळून ठरवण्यात आला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. एका घरातली माणसं एका दिवशी एकत्र आली.

त्या गोष्टीत मला मार्थाची बाजू दिसते. आपल्याला मदत करायला मरियेला सांगावं एवढंच तिचं मागणं होतं. दोघींनी मिळून पानं वाढली असती तर दोघी मिळून पायांशी बसल्या असत्या. आणि लाजरसही त्याच घरातला. त्याने पाणी भरलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

गुरुवारी रोझरीत प्रकाशाची रहस्यं घेतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली ती नव्याने जोडली, आणि त्यांत काना गावचं लग्न आहे. वाढपात काय कमी पडलं आहे, हे तिथे पहिल्यांदा येशूच्या आईच्या, मरियेच्या, ध्यानात आलं. पाहुणे जेवत होते, गप्पा मारत होते. आतल्यांची अडचण तिने ओळखली आणि मुलाला सांगितली. मग त्याने सेवकांना रांजण भरायला लावले. ज्या मातेची आपण माळ जपतो तिची नजर अशी आहे. गुरुवारी पुलावर हे रहस्य घेताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावातली सगळी स्वयंपाकघरं येतात.

प्रार्थनेला वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्यांमध्ये कितीतरी पुरुषही असतात. त्यांचा प्रवास खरा, त्यांचा थकवा खरा. त्यांना मी पुलाची गोष्ट सांगते, अंगठीची सांगते. पण घरातली वेळ ही एकट्याची नसते. एकाला गुडघे टेकायला मिळतात, कारण दुसरं कुणीतरी तव्यापाशी उभं असतं. रविवारच्या सकाळच्या मिस्सेला सगळं घर इस्त्रीचे कपडे घालून वेळेवर पोहोचतं, कारण कुणीतरी शनिवारी रात्री ते कपडे काढून ठेवलेले असतात आणि पहाटे उठून नाश्ता करून ठेवलेला असतो. आमच्या घरी आम्ही आता क्रम बदलला आहे. रोझरी आधी, गॅस नंतर. जेवण अर्धा तास उशिरा होतं. पोळ्या लाटायला दोघंजण असतात, त्यांतला एक माझा मुलगा आहे आणि त्याच्या पोळ्या आता गोल होऊ लागल्या आहेत. सासूबाई सुरुवातीला अस्वस्थ व्हायच्या, रिकाम्या हातांनी बसायची त्यांना सवयच नव्हती. आता त्या सगळ्यांच्या आधी येऊन वेदीसमोर बसतात आणि सुरुवातही त्याच करतात.

म्हणून आज संध्याकाळी तुमच्या घरी मेणबत्ती लागेल तेव्हा पहिल्या 'नमो मरिया'च्या आधी एकदा मोजून बघा, किती माणसं बसली आहेत आणि कोण आत आहे. जी आत असेल तिला हाक मारून बोलवा. ती 'तुम्ही सुरू करा, मी इथूनच म्हणते' असं म्हणेल. सुरू करू नका. उठून आत जा, गॅस बंद करा, कणीक झाकून ठेवा आणि तिला घेऊन बाहेर या. पोळ्या नंतर सगळ्यांनी मिळून करता येतात.